मे महिन्यात के-टू-एस, तेही दिवसा

कात्रज ते सिंहगड (म्हणजेच के-टू-एस) हा ट्रेक पुण्यातली निम्मी जनता रात्री करते, आणि त्यात चांदण्याची हौस वगैरे असतेच, पण खरं कारण इतकं साधं आहे की त्या धारेवर सावली नाही. म्हणजे अक्षरशः नाही. जुन्या कात्रज बोगद्यापासून सुरू झालेली ती भुलेश्वर रांगेची सोंड थेट सिंहगड घाटाच्या डांबरी रस्त्यापर्यंत जाते, पंधरा-सोळा किलोमीटर, मध्ये तेरा टेकड्या (मोजणाऱ्याप्रमाणे अकरा ते सतरा काहीही होतात), आणि उन्हाळ्यात पाणीही कुठे नाही. एक टेकडी चढा, उतरा, परत चढा. उतार सगळे घसाऱ्याचे, मुरमावर बारीक खडी पसरलेली, पाय ठेवला की सटकलाच.

तर हे आम्ही मे महिन्यात, दिवसा, पळत करायचं ठरवलं. कल्पना सीएची. सीए म्हणजे आमच्या ग्रुपमधला खरोखरचा सीए, मार्चएंड आणि त्यामागची कामं उरकली की त्याला काहीतरी भव्य करायची खाज येते. त्याला डिसेंबरमधल्या सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्राची (म्हणजे मॅरेथॉनपेक्षाही लांब पळायच्या शर्यतीची) तयारी करायची होती आणि कुठेतरी वाचलं होतं की उन्हात सराव केला की थंडीत फायदा होतो. त्यात थोडं तथ्य आहे, पण त्याबद्दल पुढे बोलते. बाकी आम्ही चौघं: डॉक्टर (भूलतज्ज्ञ, माझी शाळेपासूनची मैत्रीण), बँकेतून रिटायर झालेले काका, सीएच्या ऑफिसमधला एक पंचविशीचा मुलगा ज्याला आम्ही सगळे ज्युनिअर म्हणतो, आणि मी.

प्लॅन तसा शहाणपणाचा होता हं. साडेचारला बोगद्यापाशी जमायचं, पाचला निघायचं, पहिला तासभर टॉर्चवर, आणि साडेआठच्या आत घाटरस्त्याला लागायचं. पुढे गडावर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. पण एका गाडीचं टायर पंक्चर, स्टेपनीत हवा नाही, पहाटे पंक्चरवाला कुठे मिळणार, हे सगळं होऊन आम्ही निघालो तेव्हा पावणेसात वाजले होते आणि सूर्य चांगला वर आला होता. काका म्हणाले, "आज पर्वतीच्या पायऱ्या मारू आणि घरी जाऊ." सीए म्हणाला, "काका, एवढं आलोय तर." ह्या "एवढं आलोय तर"नं महाराष्ट्रातल्या ट्रेकर्सचं जेवढं नुकसान केलंय तेवढं दारूनं केलं नसेल.

पहिल्या तीन-चार टेकड्या मस्त गेल्या, खोटं कशाला बोलू. धारेवर वारा होता, डावीकडे खाली खेड शिवापूरकडचा हायवे आणि उजवीकडे धुरकट पुणं, सपाटीला पळायचं आणि चढ चालायचा. ट्रेल रनिंग म्हणजे सगळं अंतर पळणं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, चढ सगळेच चालतात, जगातले भारी लोकसुद्धा. ज्युनिअर मात्र चढसुद्धा पळत होता. जिममध्ये एसीत ट्रेडमिलवर दहा किलोमीटर पन्नास मिनिटांत मारतो तो, त्यामुळे आम्ही त्याला म्हातारेच वाटत असणार. पुढे जायचा, वर उभा राहून आमचे फोटो काढायचा, परत सुटायचा.

गवत पूर्ण वाळलेलं. आणि कुसळं! ज्यांनी मे महिन्यात सह्याद्रीत गवत तुडवलंय त्यांना कळेल. मोज्यात शिरतात, बुटाच्या जाळीतून आत येतात आणि बरोब्बर घोट्याच्या हाडापाशी टोचत राहतात. काढायला थांबलं की दहा निघतात आणि पुढच्या पन्नास पावलांत वीस नवीन. एका टेकडीवर वणवा लागून गेला होता, पूर्ण उतार काळा, त्या राखेतून पळताना पोटऱ्या काळ्या झाल्या आणि खालून येणारी धग चेहऱ्यापर्यंत जाणवत होती. वेधशाळेचं तापमान मोजतात ते सावलीतल्या हवेचं, जमिनीपासून चारेक फूट वर, लाकडी पेटीत. तुम्ही राखेवर किंवा काळ्या बसाल्टवर उभे असता तेव्हा तो आकडा तुमच्या कामाचा नसतो. त्या दिवसाचा अंदाज ४१चा होता. पुण्याला ४१ म्हणजे काही इतिहास नव्हे, शिवाजीनगरला ३० एप्रिल १८९७ला ४३.३ नोंदलंय आणि २०१९च्या एप्रिलअखेर परत ४३पर्यंत गेलं होतं. पण तेव्हा मी घरात कूलरसमोर होते.

साडेनऊच्या सुमारास मला पहिल्यांदा कळलं की काहीतरी बदललंय, कारण पाठीवरच्या ब्लॅडरच्या, म्हणजे पाण्याच्या पिशवीच्या, नळीतून पहिला घोट आला तो चहासारखा गरम. ह्यावर एक युक्ती आहे, काकांनी शिकवली: पाणी पिऊन झालं की नळीत उलटी फुंकर मारायची, म्हणजे नळीतलं पाणी परत पिशवीत जातं आणि उन्हात तापत राहत नाही. काकांकडे अशा खूप युक्त्या आहेत आणि त्यातली एकही विकत घ्यावी लागत नाही. आमच्या डोक्यावर ब्रँडेड टोप्या आणि मानेला झटपट वाळणारे स्कार्फ, काकांकडे साधा सुती पंचा. ओला करून टोपीखाली घालायचा, मान पूर्ण झाकायची. सुती कापड पाणी धरून ठेवतं, हवा कोरडी असली की ते हळूहळू उडत राहतं आणि त्याबरोबर उष्णता घेऊन जातं. घामाचं कामही तेच आहे, घाम नुसता येऊन उपयोग नसतो, तो उडला तरच गार वाटतं. म्हणून पुण्याचे ४० एकवेळ सहन होतात आणि मुंबईचे ३५ जीव काढतात. तिकडे घाम नुसताच ओघळतो. खारघरला १६ एप्रिल २०२३ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या भर उन्हातल्या कार्यक्रमात माणसं गेली तेव्हा पारा काही चाळीशीत नव्हता, अडतीसच्या आसपास होता.

पण कोरड्या हवेची दुसरी गंमत अशी की घाम दिसतच नाही. येतो आणि उडतो. तुम्हाला वाटतं आज काही विशेष घाम नाही आलेला, आणि टोपी काढून बघितली की काळ्या कापडावर मिठाच्या पांढऱ्या रेघा, एकात एक, गणपतीच्या रांगोळीत काढतात तशा वळणावळणाच्या. अशा उन्हात पळणाऱ्या माणसाचं तासाला लिटर-सव्वा लिटर पाणी आरामात जातं, काहींचं दीडच्या वर. आमच्याकडे प्रत्येकी तीन लिटर ठरलं होतं. ज्युनिअरनं दोन आणले होते आणि सीएनं दीड, कारण "वजन होतं गं." ह्या माणसानं घड्याळ, दोन फोन, ड्रोन आणि ड्रोनची एक्स्ट्रा बॅटरी आणली होती.

आता ती खिंड. बहुतेक दोन तृतीयांश अंतर झालं असेल. धारेवर वारा असतो तोवर सगळं चालतं, दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत उतरलं की वारा बंद, दोन्ही बाजूंनी तापलेला कातळ, हवा कोंडलेली. ज्युनिअर आमच्या पुढे असायचा तो त्या उतारावर आमच्या मागे होता आणि हे सगळ्यात आधी डॉक्टरच्या लक्षात आलं. ती थांबली, वळून बघत राहिली. मी म्हटलं काय गं, तर म्हणाली, "गेली वीस मिनिटं हा एक शब्द बोललेला नाही." खरंच की. सकाळपासून ज्याची टकळी बंद होत नव्हती तो पोरगा गप्प. जवळ आला तर चेहरा पांढरट, आणि हातांवर काटा आलेला. भर उन्हात, सवादहा वाजता, अंगावर शहारे! मला विचारलं, "ताई, किती राहिलंय?" मी सांगितलं. अर्ध्या मिनिटानं परत, "ताई, किती राहिलंय?"

डॉक्टरनं त्याला तिथेच बसवलं. करवंदाची एक जाळी होती तिची सावली गुडघ्याएवढी, तिच्याकडे डोकं करून आडवा केला, पाय एका दगडावर वर, आणि सीएच्या दोन ट्रेकिंग पोल्सवर तिची ती चंदेरी इमर्जन्सी शीट ताणून छप्पर केलं. मग म्हणाली, "शंभरातून सात वजा कर, करत राहा." मला वाटलं हे काय आता. पण उष्माघात आणि नुसतं उन्हानं थकणं ह्यातला फरक तिथे असतो. शरीराचं आतलं तापमान ४०च्या वर गेलं की मेंदू गडबडतो, माणूस असंबद्ध बोलतो, भांडतो, तोल जातो, आणि मग ती इमर्जन्सी असते, तिथे एकेक मिनिट मोलाचं. डोकं ठिकाणावर असेल तर अजून वेळ आहे. ज्युनिअर डोळे मिटून म्हणाला, "त्र्याण्णव... शहाऐंशी... एकोणऐंशी..." तेवढ्यात मागून सीए म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर ना रे?" डॉक्टरनं त्याच्याकडे असं बघितलं की पुढचा पेशंट हाच.

मग पाणी. प्यायला नाही, आधी अंगावर. हे मला नवीन होतं. आमच्या सगळ्यांच्या पिशव्या एकत्र करून जवळपास दीड लिटर पाणी तिनं त्याच्या मानेवर, छातीवर, काखेत ओतायला लावलं आणि काकांचा पंचा भिजवून अंगावर टाकला, मी आणि सीए टोप्यांनी वारा घालत बसलो. मी म्हटलं अगं प्यायला काय उरणार, तर ती म्हणाली आधी गार करायचं, मग हलवायचं, आपण ह्याला तसाच चालवत नेला तर हा पुढच्या चढावर पडेल आणि मग तुझं प्यायचं पाणी घेऊन काय करू. उन्हानं पडलेल्या माणसाला लोक आधी गाडीत घालून हॉस्पिटलकडे पळवतात आणि गार करायचं राहूनच जातं, हे ती नेहमी सांगते.

पाच-सात मिनिटांत रंग परत आला. मग ओआरएस, घोट घोट. आणि चौकशीत बाहेर आलं की साहेबांनी सकाळी गुडघा दुखत होता म्हणून पेनकिलर घेतली होती, आणि दोन्ही लिटर नुसतं साधं पाणी पिऊन संपवलं होतं, मीठ नाही, खाणं नाही. पेनकिलरवरून डॉक्टरनं जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. थोडक्यात, अंगात पाणी कमी, मूत्रपिंडाला आधीच रक्त कमी, त्यात ती गोळी त्याचीच वाट अजून अरुंद करते.

साध्या पाण्याचं काय चुकलं हे त्याला कळेना. आपल्याकडे भरपूर पाणी पी, भरपूर पाणी पी असंच सांगतात. पण घामात मीठ जातं, वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि तेही डोक्यावर परिणाम करतं. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनला ४८८ जणांचं रक्त शेवटी तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि पळताना पाणी पिऊन पिऊन ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांच्यात ते जास्त. म्हणजे तहानेनं नव्हे, जास्त पिऊन. हे डॉक्टर त्या पोराला पंख्याच्या जागी टोपी हलवत सांगत होती आणि तो बिचारा मान हलवत होता. लिटरभर पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. ह्याच्यापुढे ते रंगीत बाटल्यातलं काही लागत नाही, आणि मीठ घातलेलं ताक असेल तर अजूनच उत्तम, फक्त ते पाठीवर चार तास टिकत नाही, मी बघितलंय.

सीएचं म्हणणं आता बरा झालाय ना, हळूहळू पुढे जाऊ, चारच टेकड्या. चारच! एवढ्यात वरच्या बाजूनं शेरडं खाली आली आणि त्यांच्यामागे एक आजोबा, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. मेमध्ये घोंगडी. ते थांबले, आमचं चंदेरी छप्पर बघितलं, ज्युनिअरला बघितलं आणि म्हणाले, "वारं पडलंया. आता धारंवर ऱ्हाऊ नका. वढ्याच्या अंगानं उतरा, झाडी हाय." बस. कुठून आलात, काय करताय, काहीही विचारलं नाही. काठीनं खालची वाट दाखवली आणि शेरडांमागे गेले. वारा पडलाय हे आमच्या पाच जणांच्या दोन हवामान ॲपवर कुठेही नव्हतं. काका लगेच उठले, पंचा झटकला आणि ओढ्याकडे चालायला लागले. चर्चा संपली.

आणि काकांबद्दल हे सांगायलाच पाहिजे, की त्या दिवशी सगळ्यात ताजेतवाने तेच होते. वय साठीच्या पुढे, पळायला आमच्यात सगळ्यात हळू. पण हा माणूस मार्चपासून रोज दुपारी वेताळ टेकडीवर तासभर उन्हात चालतो, लोक वेडा म्हणतात. उन्हाची सवय शरीराला खरंच लागते, साधारण दहा ते चौदा दिवस रोज थोडा वेळ उन्हात कष्ट केले की रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि कमी खारट येतो, नाडी तेवढी चढत नाही. सीएनं जे वाचलं होतं ते हेच. फक्त ते रोज थोडं थोडं करायचं असतं, एका रविवारी सगळं वसूल करता येत नाही. आणि एसी ऑफिस, एसी गाडी, एसी जिम ह्यातून आलेल्या पोराला तर पहिल्याच दिवशी ४१. कमी पाणी पिऊन शरीराला सवय लावायची असं म्हणणारे जे काही जुने पहिलवान पळणाऱ्यांत आहेत ना, त्यांचं मात्र कोणी ऐकू नका, पाण्याशिवाय राहायची सवय कुणालाच लागत नाही.

ओढा कोरडाच होता पण झाडं होती. एक बहावा पूर्ण पिवळा फुललेला, खाली सडा. करवंदं काळी झालेली, आम्ही चालता चालता ओरबाडून खाल्ली, चिकानं ओठ चिकटले. उतरायला तासाच्या वर गेला, ज्युनिअरला मध्ये, पुढे काका मागे डॉक्टर, दर दहा मिनिटांनी सावलीत बसायचं आणि तिनं त्याची नाडी बघायची. खाली वाडी लागली. पहिल्याच घराच्या पडवीत आम्ही बसलो तर एक आजी बाहेर आल्या, मी तांब्याकडे हात केला तर म्हणाल्या, "थांब गं बाई. उन्हातनं आलीस. आधी टेक, गूळ खा, मग पानी." मग परातीत गूळ, शेंगदाणे, आणि रांजणातलं गार पाणी. पाण्याला मातीचा वास. ज्युनिअरनं तीन तांबे घेतले असतील, आजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून घरातल्यांना हाक मारली की ह्या पोराला ताक द्या मिठाचं. डॉक्टर मला हळूच म्हणाली, "साखर, मीठ, पाणी. ह्यांना कुणी शिकवावं लागलं नाही." पैसे काही केल्या घेतले नाहीत, शेवटी सीएनं पुढच्या रविवारी आंब्याची पेटी पोचवायची कबुली दिली आणि, त्याच्या बाजूनं सांगायचं तर, पोचवली.

तिथून एक भाजीची जीप हायवेकडे निघाली होती, मागे टोमॅटोच्या रिकाम्या क्रेट्समध्ये बसून आम्ही गेलो. ज्युनिअर एव्हाना पूर्ण माणसात, क्रेटवर बसून मिसळ कुठे खायची ह्यावर बोलत होता. डॉक्टरनं संध्याकाळपर्यंत त्याला दर दोन तासांनी फोन करून लघवीचा रंग विचारला, ऑफिसच्या ग्रुपवर ते कसं कोण जाणे फुटलं आणि आता त्याला तिथे "पिवळा का पांढरा" म्हणतात.

गडावर काही पोचलो नाही. पिठलं-भाकरीही नाही. रात्री स्ट्राव्हावर, म्हणजे पळणाऱ्यांच्या नोंदीच्या ॲपवर, सीएची पोस्ट आली, "के-टू-एस, हीट ट्रेनिंग, एपिक डे", आणि अंतर तब्बल चोवीस किलोमीटर, शेवटचे काही तर ताशी पंचेचाळीसच्या वेगानं. खाली काकांची कमेंट होती: "जीपवाल्याला टॅग कर."